कय्युमची चाल

जवळा बाजारात बाजाराच्या रस्त्याला कय्युमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानावर एक खोली. खोलीच्या भिंतींना त्यानं अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते, दाराला जाड गोधडी टांगली होती. आत एक माइक, एक कीबोर्ड, एक जुना कॉम्प्युटर. लोक त्याला स्टुडिओ म्हणत. जयंतीची गाणी, हळदीची गाणी, कुणी नवा ट्रॅक्टर घेतला तर त्याचं गाणं, सरपंचाच्या वाढदिवसाचं गाणं, सगळं त्या खोलीत तयार व्हायचं. चाल कय्युमची आणि आवाज बालाजीचा.

दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलेले. बालाजी जवळच्याच एका खेड्यातला. वाट्याला आलेली थोडी जमीन त्यानं भावाकडे देऊन टाकली होती आणि गाण्यावरच जगायचं ठरवलं होतं. नवरात्र, जयंत्या, लग्नं, ऑर्केस्ट्रा, बोलावतील तिथं तो जायचा. गाणीही तोच लिहायचा.

एका उन्हाळ्यात तो जिना चढून वर आला आणि खुर्चीवर बसायच्या आतच म्हणाला, "माय म्हणती, नळ उसासे टाकून राहिला."

त्याच्या गावात योजनेचे नळ येऊन वर्ष होत आलं होतं. घरोघर नळ, नळाला नवी तोटी, भिंतीवर निळा नंबर. पाणी मात्र एकदाही आलं नव्हतं. तोटी फिरवली की आतून हवा यायची. बालाजीची आई मंजुळाबाई रोज सकाळी तोटी फिरवायची, तो उसासा ऐकायची आणि घागर घेऊन शेतातल्या विहिरीकडं चालू लागायची.

बालाजीनं शब्द लिहून आणले होते.

दारात आला नळ, नळाला हाय तोटी,
तोटीतून येती हवा, बिलं मातर मोठी,
सांग सांग रं सायबा, पाणी कुठं मुरलं?

बालाजीनं ते संथ, दुःखी सुरात म्हणून दाखवलं. कय्युमनं मान हलवली.

"रडगाणं कोणी ऐकत न्हाई, बाल्या. ह्याच्यावर नाचता आलं पायजे. नाचता नाचताच लोकांच्या टाळक्यात शिरंल."

त्यानं हलगीचा ठेका लावला, त्यावर सनईसारखा एक आवाज शोधला आणि 'पाणी कुठं मुरलं'ला चाल अशी वर उचलली की ऐकणाऱ्याचा खांदा आपोआप उडावा. 'सांग सांग'ला मागून एक बारीक आवाज हवा होता. कय्युमची मुलगी अलमास तेव्हा सातवीत होती. ती खाली दुकानात अभ्यास करत बसली होती. तिला वर बोलावलं. तिनं दोन्ही हात कानांवरच्या हेडफोनवर घट्ट धरून 'सांग सांग' म्हटलं आणि पुन्हा खाली जाऊन वही उघडली.

कय्युमनं मंजुळाबाईचा फोटो लावून गाणं आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकलं आणि ते लोकांनी उचललं. बाया कोरड्या नळाशी उभ्या राहून त्यावर व्हिडिओ करू लागल्या. डोंगरकड्याच्या बाजारात ते वाजलं, कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांनी लावलं. लग्नात बँजोवाल्यांना फर्माईश यायची, "ते मुरलंवालं वाजवा." एका गावात तर ते गाणं ऐकून कुणी साहेब पाहणीला आला आणि खरोखरच काही दिवस नळाला पाणी आलं. त्या गावच्या बायांनी बालाजीला टोपी-टॉवेल आणि कय्युमला मिठाईचा पुडा पाठवला. कय्युमनं तो पुडा दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि येईल त्याला एकेक पेढा दिला. नजमा, त्याची बायको, त्याला हसली. म्हणाली, "पोरगी झाल्यावर एवढे वाटले न्हवते."

निवडणूक जवळ आली तेव्हा तातेराव स्वतः जिना चढून वर आले. तातेराव त्या वेळी विरोधात होते. पांढऱ्या कपड्यांतला, हळू बोलणारा माणूस. चहा घेतला, भिंतीवरच्या अंड्यांच्या ट्रेवरून हात फिरवला, म्हणाले, "तुमचं गाणं म्हंजे गरिबाच्या पोटातला आवाज हाय. माझ्या भाषणानं काय व्हायचंय? तुमी दोघं माझ्यासंगं फिरा."

दोघं फिरले. गाडीवर भोंगे, मागं कय्युमचा कीबोर्ड, पुढं माइक घेऊन बालाजी. प्रत्येक गावात आधी गाणं, मग भाषण. लोक 'सायबा' म्हणताना जुन्या आमदाराचं नाव घालून म्हणायचे. कय्युमला त्या दिवसांत खरंच वाटायचं की काहीतरी हलतंय. घरी येऊन तो नजमाला सांगायचा, कोणत्या गावात किती माणूस होता, कुठं म्हाताऱ्या बाया नाचल्या.

तातेराव निवडून आले. सत्कारात बालाजीला शाल मिळाली आणि 'लोकशाहीर' अशी पाटी. कय्युमचं नाव घ्यायचं राहून गेलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. चाल देणाऱ्याचं नाव तसंही कोण घेतं.

मग वर्ष गेलं, त्यावर आणखी एक पावसाळा गेला. नळातून हवाच येत होती. एकदा कय्युम बालाजीच्या घरी जेवायला गेला होता. मंजुळाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आता कोण्या सायबाला इचारायचं रं?"

बालाजी खाली मान घालून जेवत राहिला. बालाजी त्याला सोडायला निघाला तेव्हा मोटारसायकलवर कय्युम म्हणाला, "तुझी माय बराबर बोलली. आता ह्यांना इचारायचं."

"बिघडंल," बालाजी म्हणाला.

"काय बिघडंल? गाणं तर त्यांनाच आवडलं होतं."

बालाजीनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "तुला दुकान हाय, कय्युम. मला गळाच हाय निस्ता."

तरी त्यानं नवं कडवं लिहिलं. ते कडवं त्यानं कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं नाही, आतूनच लिहिलं होतं, आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं. सायब बदलला, खुर्ची तीच, हार तेवढे नवे. बाजारात तातेरावांच्याच हस्ते एका सभागृहाचं भूमिपूजन होतं आणि लोकशाहीर म्हणून बालाजीला बोलावलं होतं. त्यानं पहिलं कडवं म्हटलं, टाळ्या पडल्या. मग त्यानं 'सांग सांग रं तातेराव' म्हटलं. सगळ्या मांडवात हसू फुटलं. मागच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. तातेरावही हसले, त्यांनी टाळीसुद्धा वाजवली. पुढची ओळ बालाजीच्या तोंडात होती तेव्हा माइक बंद पडला.

आठवड्याच्या आत दोघांना ठाण्यात बोलावणं आलं. कुणीतरी बदनामीची तक्रार दिली होती, समाजात तेढ पसरवल्याचंही त्यात लिहिलं होतं. दिवसभर त्यांना बाकावर बसवून ठेवलं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. संध्याकाळी जबाब घेतला आणि सांगितलं, "बोलावलं की यायचं." त्यानंतर बालाजीचे कार्यक्रम एकामागून एक रद्द होत गेले. नवरात्राचं मंडळ म्हणालं, औंदा भजनच ठेवलंय. लग्नवाले म्हणाले, तारीख बदललीय. खरं कारण कुणीच सांगत नव्हतं आणि बालाजीनंही कुणाला विचारलं नाही.

हळूहळू त्याचं कय्युमकडं येणं कमी झालं. फोन केला तर म्हणायचा, "येतो, येऊन राहिलो." यायचा नाही. दिवाळीनंतर कुणीतरी कय्युमला सांगितलं की बालाजी नांदेडला कुठल्या मोठ्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला गेला होता. कय्युमला बरं वाटलं. काम मिळायला लागलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

मिरवणूक निघाली तो दिवस सुट्टीचा होता. झेंडे घेतलेली पोरं, पुढं ट्रॅक्टर, त्यावर डीजे. दरवर्षी ती मिरवणूक सरळ रस्त्यानं जायची. या वेळी ती कय्युमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. गल्लीत सगळी घरं मुसलमानांची होती, टोकाला मशीद. दुपारच्या नमाजची माणसं नुकतीच घरी परतत होती.

अलमास आत कपड्यांच्या घड्या घालत होती. डीजेवर हलगीचा ठेका सुरू झाला, मग ती सनई. ती हातातला कपडा टाकून दाराकडं धावली.

"अब्बा, आपलं गाणं."

कय्युमही हसतच उठला. त्याला वाटलं, बालाजीनं पोरांना सांगून मुद्दाम इथं लावायला लावलं असेल. तो दारात आला तेव्हा अलमास ओठांतल्या ओठांत 'सांग सांग' म्हणत होती.

मग शब्द आले. आवाज बालाजीचाच होता. पण त्या शब्दांत नळ नव्हता, सायब नव्हता. सांग सांग रं गावा, कोण इथं शिरलं? पुढच्या ओळीत, शिरलेल्यांना कुठं धाडायचं ते होतं. त्याच्या पुढच्या ओळी कय्युमनं नंतर कधीही कुणापुढं उच्चारल्या नाहीत.

पोरं नाचत होती. त्यांतली निम्मी त्याच्या ओळखीची होती. कुणाचा स्क्रीन त्यानं बदलला होता, कुणाच्या बहिणीच्या हळदीला त्यानं कीबोर्ड वाजवला होता. त्यांचे खांदे बरोबर तिथंच उडत होते जिथं त्यानं चाल वर उचलली होती. कुणी दगड मारला नाही. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागायचं. पोलीस कडेला उभे होते. शेवटी ट्रॅक्टर पुढं सरकला तेव्हा एका पोरानं कय्युमला ओळखून सवयीनं हात वर केला आणि मग काहीतरी आठवल्यासारखा खाली घेतला.

अलमास आत गेली होती. नजमानं दार लावून घेतलं आणि कय्युमला म्हणाली, "तुम्हारी थी ना वो धुन?"

तो म्हणाला, "हां."

खरी तकलीफ दोन दिवसांनी सुरू झाली. गाण्याचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला आणि त्याखाली लिहिलं होतं, गायक बालाजी, संगीत कय्युम. मशिदीबाहेर चार जाणती माणसं त्याला थांबवून उभी राहिली. मुबश्शीर नावाचा, त्याच्याच वयाचा, कापडाचा व्यापारी म्हणाला, "किती दिले त्यांनी तुला? आपल्याच गल्लीत वाजवायला किती घेतले?"

कय्युम म्हणाला, "ही जुनी चाल हाय. नळाच्या गाण्याची. तुमी पण ऐकली हाय."

"नळाचं गाणं कोणाच्या ध्यानात हाय आता," मुबश्शीर म्हणाला. "नाव तर तुझंच लिहिलंय."

त्यानंतर कुणी त्याला सलाम करायचं थांबवलं नाही, पण सलामापुढं कुणी बोलेनासं झालं. मोबाइल दुरुस्तीला गल्लीतली माणसं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली.

ठाण्यातूनही बोलावणं आलं. वरून विचारणा झाली होती म्हणे, मिरवणुकीत तणाव झाल्याची. साहेबापुढं व्हिडिओ लावलेला होता.

"चाल तुझी?"

"चाल माझी. शब्द माझे न्हाईत."

"पण चाल तुझी."

"व्हय."

त्यांनी ते लिहून घेतलं. मिरवणूक काढणाऱ्यांची नावं त्यांना सापडत नव्हती. डीजे परजिल्ह्यातला होता, तोही निघून गेला होता. शब्द कुणी लिहिले ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. बालाजीवरची जुनी तक्रार मागं घेतली गेली होती, कय्युमवरची तशीच होती, तिला आता ही जोडली गेली. निघताना साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला, "ह्या चालीवरचं तुझ्या चॅनलवर जे जे हाय ते काढून टाक. आज काढ. नायतर पुन्हा तूच अडकशील."

घरी येऊन त्यानं ते काढून टाकलं. बायांचे नळापुढचे व्हिडिओ ज्याला जोडलेले होते ते मूळ गाणं, मंजुळाबाईचा फोटो असलेलं, अलमासचा आवाज असलेलं, एका बटणात गेलं. दुसरं गाणं त्याचं नव्हतंच, ते त्याला कसं काढता येणार. ते हजारो मोबाइलांत होतं.

बालाजी आला तो एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. बारीक झाला होता. बाहेर नवी गाडी उभी होती, तिच्यावर 'लोकशाहीर' लिहिलं होतं. कय्युम एका मोबाइलची पाठ उघडून बसला होता. त्यानं स्टूल पुढं केलं.

"शब्द तातेरावांच्या माणसांनी लिहून आणले," बालाजी म्हणाला. "मी म्हणलो, हे मी म्हणणार न्हाई. म्हणले, मंग केस चालू दे. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, एक कार्यक्रम न्हवता, कय्युम. पोरीची फी राहिली. मला वाटलं, निस्तं गाणंच हाय, एक दिवस वाजंल आन् जाईल."

कय्युम स्क्रू काढत राहिला.

"तुझ्या गल्लीपुढं वाजवतील हे मला म्हाईत न्हवतं. माझ्या पोरीची आन."

"माझं नाव काहून टाकलं?"

बालाजीनं वर पाहिलं. "चाल तुझी हाय. नाव काढलं असतं तर चोरी झाली असती."

"चोरी झाली असती तर बरं झालं असतं," कय्युम म्हणाला.

रस्त्यावरून सोयाबीनच्या पोत्यांचा टेम्पो गेला. मग कय्युमनं विचारलं, "तुझ्या माईनं ऐकलं का?"

"ऐकलं."

"काय म्हणली?"

"म्हणली, पान्याचं कडवं काहून काढलं."

बालाजीला रडू आलं. तोंडावर रुमाल धरून तो तसाच बसून राहिला. कय्युमला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि हातातला पेचकस त्याच्या गळ्यात खुपसावा असंही वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटल्या आणि दोन्ही त्यानं केल्या नाहीत. त्यानं चहा मागवला. बालाजीनं अर्धा चहा पिऊन कप ठेवला, "येतो," म्हणाला आणि गेला. तो पुन्हा आला नाही आणि कय्युमनंही त्याला बोलावलं नाही.

शाळेत अलमास वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कुणीतरी 'सांग सांग' सुरू करायचं. तिनं घरी सांगितलं नव्हतं. शेजारच्या अफसानाच्या मुलीकडून नजमाला ते कळलं. नजमानं मुख्याध्यापकांची भेट घेतली. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "लेकरं हायेत, गाणं तोंडात बसतं. मी सांगतो त्यांना." त्यांनी सांगितलं. मग पोरं शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणू लागली. चालीला शिक्षा कशी करणार. दहावीच्या तोंडावर अलमासला हिंगोलीला नानीकडं ठेवलं. जाताना तिनं हेडफोन घेतला नाही. कय्युमनं पिशवीत घातला होता तो तिनं काढून पलंगावर ठेवला.

वरची खोली कय्युमनं एका क्लासवाल्याला भाड्यानं दिली. अंड्यांचे ट्रे काढले तेव्हा भिंतीचा रंगही सोलून निघाला. दुकान कसंबसं चालत होतं. लग्नसराईत प्रेमसिंग नावाच्या बँजोवाल्याचा निरोप आला. त्याचा कीबोर्डवाला आजारी होता. प्रेमसिंग तांड्यावरचा, सरळ माणूस. म्हणाला, "मला वाजवनारा पायजे. बाकी मला काही घेनं न्हाई." कय्युम जाऊ लागला.

वैशाखात डोंगरकड्याला एक लग्न होतं. भर दुपारचा मुहूर्त. वरात मांडवापर्यंत आली तेव्हा नवरीचा मामा, डोक्याला फेटा बांधलेला, घामानं भिजलेला माणूस, बँजोच्या गाडीजवळ आला. सकाळपासून तोच सगळ्या वाजवणाऱ्यांची विचारपूस करत होता. त्यानंच कय्युमला थंड पाण्याचा जग आणून दिला होता, "उन्हात बसू नका, दादा," म्हणून गाडीवर ताडपत्री बांधून घेतली होती. तो प्रेमसिंगला म्हणाला, "ते मुरलंवालं वाजवा."

प्रेमसिंगनं मागं वळून कय्युमकडं पाहिलं. त्याला माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "दुसरं वाजवू?"

तेवढ्यात हलगीवाल्यानं ठेका धरला होता आणि पोरांनी गोल केला होता. कय्युमनं मान हलवून नको म्हटलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

बँजोवर शब्द नसतात. शब्द वऱ्हाडी म्हणतात. कय्युम ऐकत होता, एखाद्या कोपऱ्यातून तरी नळ येईल, तोटी येईल. एखादी बाई तरी सायबाला विचारेल. बायाही नाचत होत्या, ज्यांच्या दारात तसेच कोरडे नळ असतील अशा बाया. सगळ्यांच्या तोंडी दुसरेच शब्द होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नाचा आनंद होता. मामा दोन्ही हात वर करून नाचत होता आणि 'कोण इथं शिरलं' म्हणताना कय्युमकडं पाहून हसत होता, आपुलकीनं, वाजवणाऱ्याला दाद द्यावी तसा.

गाणं संपल्यावर तो धापा टाकत गाडीजवळ आला.

"चांगला हात हाय तुमचा. कुठले तुमी?"

"जवळा बाजारचा."

"ही चाल लई भारी हाय. कोणाची हाय हो ही?"

कय्युमनं कपाळाचा घाम बाहीनं पुसला.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

मामानं मान डोलावली, पंगत बसायच्या आधी सगळ्या वाजवणाऱ्यांनी जेवून घ्यावं असं सांगितलं आणि मांडवात गेला. मंगलाष्टकांचा पुकारा झाला. प्रेमसिंग गाडीवर चढून कय्युमच्या शेजारी बसला. मग त्यानं उद्याच्या लग्नाचं गाव सांगितलं आणि सकाळी लवकर निघावं लागेल म्हणाला.

"येतो," कय्युम म्हणाला आणि कीबोर्डवर कापड घातलं.